परत आलेल्या पुस्तकांचा ढीग

महाराष्ट्रातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात देवघेव विभागाच्या टेबलावर बहुधा एक ढीग असतो. सभासदांनी दिवसभरात परत केलेली पुस्तकं त्यात एकावर एक पडलेली असतात. कुणीतरी ती कपाटात लावेपर्यंत तशीच. व्यवस्थेच्या दृष्टीने हा ढीग म्हणजे राहून गेलेलं काम. पण नेहमी पुस्तक बदलायला येणारा सभासद कपाटांकडे किंवा यादीच्या वहीकडे वळण्याआधी या ढिगात हात घालतो. आवडीने वाचणाऱ्या मराठी माणसाला नवं पुस्तक सापडण्याची सगळ्यात भरवशाची जागा हीच, असं माझं म्हणणं आहे. नाव सांगून मागितलेलं पुस्तक दुकानदारही काढून देतो. ‘काहीतरी वाचायला द्या’ एवढंच सांगता येणाऱ्या माणसाचं समाधान करणं मात्र वाचनालयालाच जमतं, आणि त्याच कामाची आपल्याकडे कुठेही नोंद होत नाही.

हे काम असं ढिगावर का येऊन पडलं, याचं उत्तर या संस्थांच्या जन्मात आहे. रत्नागिरीचं वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्यातली नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर, 1848 ची आणि कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. साहेब अधिकारी, संस्थानिक आणि गावातले चार शिकलेले लोक यांच्या आश्रयाने आणि वर्गणीवर ही उभी राहिली. पुढे ठाण्यात 1893 मध्ये आणि मुंबईत 1898 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालयं निघाली. त्यांच्या नावातच संग्रह आहे, आणि ते योग्यच होतं, कारण मराठी पुस्तक जपून ठेवणारं तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, ती अशा जपणुकीच्या आधारावरच शक्य झाली. पण वर्गणी आणि संग्रह या दोन्हींमुळे एक सवय लागली. पुस्तक हरवलं तर सभासदांच्या पैशाचं नुकसान, आणि दुर्मिळ प्रत पुन्हा मिळायची नाही; म्हणून कपाटांना कुलूप, मध्ये काउंटर, आणि सभासदाच्या हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव लिहायचं तर ते आधी ठाऊक हवं. ज्याला ते ठाऊक नाही, त्याच्यासाठी उघड्यावर राहिला तो फक्त परतीचा ढीग.

ढिगातलं एखादं पुस्तक उचलून पाहावं. मूळ मुखपृष्ठ बहुतेक गेलेलं असतं. बाइंडरने जाड पुठ्ठा आणि कापडी पाठ चढवलेली असते, पाठीवर नाव आणि क्रमांक. आत दाखल क्रमांक, वाचनालयाचा गोल शिक्का, आणि तोच शिक्का पुन्हा मधल्या एका ठरलेल्या पानावर, पहिलं पान फाडून पुस्तक लांबवणाऱ्यासाठी. शेवटी चिकटवलेलं तारखांचं कागदी पत्रक. मलपृष्ठावरची स्तुती, पुरस्काराची पट्टी, लेखकाचा फोटो हे सगळं बाइंडिंगमध्ये जातं, आणि जाहिरातीच्या जागी उरतो तारखांचा रकाना. सरावलेला वाचक आधी ते पत्रक पाहतो. पाच-सहा वर्षं एकही तारीख नाही आणि मग एकाच पावसाळ्यात चार शिक्के, म्हणजे कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं दिसतं. आठवड्याच्या आत परत आलेली जाड कादंबरी म्हणजे एक तर झपाटून वाचलेली, नाहीतर वीस पानांत टाकलेली. कोणती ते कडांवरच्या मळावरून कळतं. पेन्सिलीने समासात लिहिलेले शेरे नियमाविरुद्ध असतात, आणि क्वचित परीक्षणापेक्षा बरे असतात.

यावर पहिला आक्षेप असा, की ढीग म्हणजे मेंढरांची रांग. चार जणांनी नेलं म्हणून पाचव्याने न्यायचं; त्यातून खपाऊ तेच पुन्हा खपणार. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या वाचनालयांच्या आणि वर्गणीच्या दुकानवजा लायब्रऱ्यांच्या जोरावरच घरोघर फिरल्या, हे खरं आहे. पण ढिगाचा क्रम लोकप्रियतेने लागत नाही, परत करायच्या वेळेने लागतो. अर्नाळकरांवर ‘कोसला’, तिच्यावर लोणच्यांचं पुस्तक, त्याच्यावर कुणाचंतरी नर्मदा परिक्रमेचं वर्णन, ही संगत कुठल्याही वर्गीकरणात बसणार नाही. शिवाय खरोखर गाजणारं पुस्तक ढिगात टिकतच नाही. ‘स्वामी’ किंवा ‘मृत्युंजय’ नवी असताना त्यांच्यासाठी सभासदांना नंबर लावावे लागत. ढिगात रेंगाळतं ते मधल्या फळीतलं, चांगलं पण बोलबाला नसलेलं. रहस्यकथेच्या वाचकाचा हात त्यावर पडतो तो मुद्दाम नव्हे, म्हणून तर पडतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ढिगाचं कौतुक कशाला, कपाटं उघडा म्हणजे झालं. मुक्तद्वार पद्धत हेच खरं उत्तर, हे मला मान्य आहे, आणि ते मराठी माणसांना नवीनही नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. मोफत वाचन, खुली कपाटं आणि गावोगाव जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या अशी व्यवस्था त्या संस्थानात उभी राहिली. बोर्डननंतर तिची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी वाहिली. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी आपले पाच सिद्धान्त 1931 मध्ये मांडले, त्यातला प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे हा सिद्धान्त उघड्या कपाटाशिवाय पाळता येत नाही. तरीही कपाट उघडून काम संपत नाही. वीस हजार पुस्तकांच्या मांडण्यांपुढे नवखा वाचक गोंधळतो आणि ओळखीच्या लेखकाशी जाऊन थांबतो. त्याला तीस-चाळीस पुस्तकं पुरतात, दर दोन दिवसांनी बदलणारी. म्हणून मुक्तद्वार असलेल्या वाचनालयांतही ‘नवीन आलेली पुस्तकं’ आणि ‘आज परत आलेली’ अशा दोन मांडण्या दाराशी ठेवल्या, तर गर्दी तिथेच होते.

मोबाइल हेच काम घरबसल्या करतो, असंही म्हटलं जातं. तो सुचवतो खरं, पण सुचवतो ते आपल्याच मागच्या निवडीवरून, आणि विकायला जे उपलब्ध आहे त्यातून. मराठीत नेमकं इथेच अडतं. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती बहुधा हजार-अकराशे प्रतींची असते. दुसरी निघाली नाही तर काही वर्षांत ती बाजारातून नाहीशी होते आणि वाचनालयाच्या कपाटातच उरते. उलट बाजूने हिशेब केला तर तो वाचनालयांनाही टोचणारा आहे. राज्यात शासनमान्य वाचनालयं अकरा-बारा हजारांच्या घरात. अकराशेच्या अकराशे प्रती त्यांनीच घेतल्या असं धरलं, तरी दहातल्या नऊ वाचनालयांत ते पुस्तक पोचत नाही. गावं चाळीस हजारांवर आहेत, ती वेगळीच. म्हणजे खरेदी कितीही वाढवली, तरी प्रत फिरती ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही.

नाशिकमधून 2009 मध्ये विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या साथीने सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना म्हणून मला मोलाची वाटते. पंचवीस पुस्तकांची पेटी एका वस्तीतल्या वाचकांच्या गटाकडे जाते, काही महिने राहते, मग दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. अशा पेट्या परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंतही गेल्या आहेत. पेटीत काय आहे हे वाचक ठरवत नाही. पंचवीसपैकी दहा त्याच्या आवडीची नसतात, आणि ती दहा घरात असल्यामुळे त्यातली दोन-तीन वाचली जातात. बडोद्याच्या फिरत्या पेटीची ही नातच म्हणायची, सरकारी खजिन्याविना वाढलेली.

आता राहिला पैशाचा प्रश्न. करमणुकीच्या वाचनावर सार्वजनिक पैसा का घालवायचा, त्यापेक्षा स्पर्धा परीक्षेची मुलं बसतील अशा अभ्यासिका काढा, हा सूर तालुक्या-तालुक्यात ऐकू येतो. अभ्यासिकेची गरज खोटी नाही; दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या मुलीला शांत टेबल आणि पंखा मिळाला पाहिजे. पण तिची पुस्तकं अभ्यासक्रमाने ठरवून दिलेली असतात आणि बरेचदा ती स्वतःच घेऊन येते. तिथे लागते ती जागा. ग्रंथपालाचं कसब तिथे पडून राहतं. जागेसाठी वेगळा खर्च करावा, देवघेव विभागाची खोली आणि माणूस काढून घेऊन नव्हे. आणि करमणुकीचं म्हणून ज्याला नाक मुरडलं जातं, ते वाचूनच माणूस सलग दोनशे पानं वाचण्याच्या सरावात राहतो. अभ्यासिकेतून नोकरीला लागलेल्यांपैकी पुढे सभासद होऊन पुस्तक नेणारे किती, हे कुठल्याही वाचनालयाने आपल्या वहीवरून तपासून पाहावं.

वही तपासायची म्हटली की अनुदानाचे नियम आठवतात. 1967 च्या कायद्याने ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळालं, मात्र स्वतंत्र ग्रंथालय कर आला नाही, त्यामुळे सगळी भिस्त वार्षिक अनुदानावर. अ, ब, क, ड हे वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या आणि नियतकालिकं मोजली जातात. बाहेर गेलेल्या पुस्तकांना त्या मानाने महत्त्व नाही. मग शासनमान्य यादीतून संख्या भरली जाते आणि कपाट भरलेलं दिसलं की काम झालं. जी वाचनालयं संगणकावर आली, त्यांना हे बदलणं सोपं आहे: कोणतं पुस्तक किती वेळा गेलं, कोणतं दहा वर्षांत हललं नाही, हे एका कळीवर दिसतं. न हललेल्यांपैकी वीस पुस्तकं दर सोमवारी मुद्दाम परतीच्या टेबलावर मिसळून ठेवायला ग्रंथपालाला कुणाची मंजुरी लागत नाही. एवढंच करावं, की बारकोड लागल्यावर शेवटच्या पानावरचं तारखांचं पत्रक फाडून टाकू नये. संगणकातला तो इतिहास फक्त कार्यालयाला दिसतो, टेबलाशी उभ्या असलेल्या सभासदाला नाही.