जाड टायरचा सोस

मागचा टायर जाड केला की गाडी रस्त्याला चिकटून धावते, हे टायरच्या दुकानात इतक्या ठामपणे सांगितलं जातं की शंका काढणाराच अडाणी ठरतो. दीडशे सीसीची गाडी, कंपनीचा टायर 100/90-17 आणि मालकाला हवा असतो 140/70-17. का? तर म्हणे घाटात पकड पाहिजे.

यातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के, आणि तिसरा रिमचा व्यास, इंचात. रिमची रुंदी यात कुठेच नसते. घोळ होतो तो तिथेच. 140 च्या टायरला साधारण 4 इंच रुंद रिम लागते. अशा गाडीची मागची रिम बहुधा दोन-अडीच इंची. तिच्यावर हा टायर चढवला की त्याच्या कडा आत दबतात आणि माथा टोकदार होतो. मग सरळ रस्त्यावर फक्त मधला पट्टा टेकतो आणि तोच झिजतो. वळणावर गाडी हळूहळू कलण्याऐवजी एकदम झुकते. म्हणजे ज्या घाटासाठी पैसे मोजले, तिथेच पंचाईत! वजन वाढतं, मायलेज घटतं, चेनकव्हर घासतं, ते वेगळंच.

बरं, रिमही बदलली समजा. मागच्या चाकावर 120 किलो भार आणि 28 पीएसआय हवा असेल, तर टायर रस्त्याला टेकतो ती जागा ढोबळमानाने 60 चौरस सेंटिमीटर, तळहाताहून लहान. भार तोच, हवा तीच, मग जाड टायरनेही ती फारशी वाढत नाही. रुंदीला पसरते, लांबीला आखडते. ‘मग सुपरबाइकला 180 चा टायर कशाला?’ अहो, तिथे शंभरावर अश्वशक्ती एका चाकातून जाते. ती उष्णता आणि झीज सोसायला जास्त रबर लागतं, आणि रिमही साडेपाच इंची असते. आपल्या गाडीत अश्वशक्ती चौदा-पंधरा!

पकड हवी तर रबर बघा. मऊ रबर घाटात छान धरतं, पण लवकर संपतं. रोज हायवेवर सरळ पळणाऱ्याला कडक रबरच परवडतं. मोठमोठ्या ठोकळ्यांचे ऑफरोड टायर मातीसाठी असतात. डांबरावर ते आवाज करतात आणि ब्रेकलाही कमी पडतात.

पावसात हवा कमी ठेवावी? उलट. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाबरोबर वाढतो, हे नासाने 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवर दाखवून दिलं आहे. नायट्रोजनची जादू? साध्या हवेतही तो 78 टक्के असतोच. नवा टायर पहिल्या दिवसापासून पिळायचा? शंभरेक किलोमीटर जपून चालवा, वरचा थर गुळगुळीत असतो.

आणि पैसे देण्याआधी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. वर्षानुवर्षं पडून असलेला माल गळ्यात मारत असतील, तर सरळ दुसरं दुकान गाठा.