वादळाला जात नसते, भरपाईला असते

आपत्ती आली की वादळ जातपात पाहत नाही, असे सगळेच सांगतात. आमच्या मते हे अर्धेच खरे आहे. वादळ पाहत नसेल. पण कोणाचे घर सखल जागी, कोणाकडे निघून जायला गाडी आणि कोणाच्या नावावर कागद, हे वादळाच्या आधीच ठरलेले असते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराने ते जगाला दाखविले.

29 ऑगस्ट 2005 रोजी कतरिना वादळ तेथे धडकले. आदल्या दिवशी महापौरांनी शहर सोडण्याचा आदेश दिला. परंतु लाखभर लोकांच्या घरी गाडीच नव्हती. त्यांत बहुसंख्य काळे आणि गरीब. ते घरातच थांबले. जाणत्यांनी माळ्यावर कुऱ्हाड नेऊन ठेवली होती. कारण 1965 च्या बेट्सी वादळात छपराखाली कोंडून माणसे बुडाली होती. नंतर सरकारी अभियंत्यांनी बांधलेल्या पूरभिंती फुटल्या आणि सुमारे 80 टक्के शहर पाण्याखाली गेले. याला निसर्गाचा कोप म्हणायचे काय? पूल ओलांडून पायी शेजारच्या ग्रेटना गावाकडे निघालेल्यांना पोलिसांनी हवेत गोळ्या झाडून परत लावले. तळ्याच्या पाण्यापासून ज्यांचे पूर्वज अडविले गेले, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पाणी ओसरल्यावर लोक परतले. दारांवर शोधपथकांनी रंगाने फुली मारून तारीख आणि मृतांचा आकडा लिहिलेला होता. भिंती बुरशीने काळ्या पडल्या होत्या. खरी लढाई येथून सुरू झाली. लोअर नाइन्थ वॉर्ड या काळ्यांच्या वस्तीत कित्येक घरे आजोबांकडून नातवंडांकडे तोंडीच आलेली. कागद नाही म्हणून अनुदान अडले. कागद होता त्यांनाही 'रोड होम' या सरकारी योजनेने नाडले. घराचा वादळापूर्वीचा बाजारभाव आणि दुरुस्तीचा खर्च, यांत कमी असेल ती रक्कम धरली गेली. काळ्यांच्या वस्तीत भाव मुळातच कमी! म्हणजे नुकसान सारखे, पैसे कमी. 2008 साली संघटना कोर्टात गेल्या, तेव्हा 2011 साली तडजोडीत 6 कोटी 20 लाख डॉलर मंजूर झाले.

कोर्टाच्या आधी धावले ते कार्यकर्ते. जुने ब्लॅक पँथर मलिक रहीम यांनी साथीदारांसह सप्टेंबर 2005 मध्येच 'कॉमन ग्राउंड' उभे केले; दवाखाना चालविला, घरे साफ केली. याच ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. 1946 साली बाबासाहेबांनी काळ्यांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. हे नाते जुने आहे.

म्हणून हा धडा आपलाही आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्याच जिल्ह्यात आपले महाड आहे. उद्या पुन्हा वादळ येईल, तलाठी पंचनाम्याला येईल आणि विचारील, घर कोणाच्या नावावर? गायरानावरच्या आणि वडिलोपार्जित घरांपाशी त्याचे उत्तर हवे. कार्यकर्त्यांनी पावसाळ्याआधी वस्तीत बसून घरपट्टीच्या पावत्या, ग्रामपंचायतीतील नोंद आणि वारसांची नावे तपासावीत. मोर्चा नंतरही काढता येतो. कागद मात्र आधीच लागतो.