खरे सीमोल्लंघन

घटातील धान्याचे अंकुर वीतभर वाढले, नवरात्राची सांगता जवळ आली, की खंडेनवमीच्या सकाळी दोडामार्ग परिसरातील घरोघरच्या अंगणात एक परिचित दृश्य दिसू लागते. कोयता, कुऱ्हाड, पारई, नांगराचा फाळ धुऊन पुसून पाटावर मांडले जातात. शेजारी मोटारसायकल उभी असते आणि तिच्या आडोशाला, घरातल्या शाळकरी मुलाने पहाटेपासून घासून लख्ख केलेली सायकलही असते. तिच्या हॅण्डलला झेंडूची माळ, चाकाला हळदकुंकू आणि पुढे नारळ. घरातील वडीलधारी मंडळी हात जोडतात. त्या क्षणी मनात उमटणारी प्रार्थना एकच असते : हिने आमच्या लेकरांस सुखरूप न्यावे आणि सुखरूप परत आणावे.

ही प्रार्थना या तालुक्यात केवळ उपचाराची नाही. १९९९ साली सावंतवाडीतून वेगळा झालेला दोडामार्ग हा महाराष्ट्राच्या अगदी कडेला वसलेला तालुका. एका बाजूस डिचोली आणि म्हापशाकडे जाणारे गोव्याचे रस्ते, दुसऱ्या बाजूस बांद्याची वाट आणि भेडशीवरून पुढे तिलारीचा घाट चढून चंदगड-बेळगावकडे जाणारा मार्ग. रोजगारासाठी येथील कितीतरी तरुण दररोज सकाळी सीमा ओलांडतात व काळोख पडल्यावर परततात. रस्ते अरुंद, वळणे आंधळी, दोन्ही कडांना दाट झाडी. पावसाळा सरता सरता डांबराच्या कडा खचलेल्या असतात आणि त्या कडेवरूनच सायकलस्वाराला जावे लागते. मोठ्या वाहनाला वाट देण्यासाठी खाली उतरायचे तर तेथे निसरडी माती, वर राहायचे तर मागून येणारा वेग. अशा पेचात तो रोज सापडतो.

सायकल हे वाहनांतील सर्वांत सात्त्विक वाहन म्हणावे लागेल. ती धूर सोडत नाही, कोणाला चिरडत नाही. मात्र तिच्या स्वाराभोवती पत्र्याचे कवच नसते. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत सायकलस्वारांचे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. टक्केवारीत हा आकडा लहान दिसतो, पण त्यामागे काही हजार घरांचे उंबरठे आहेत.

आणि हे संकट थोर-लहान पाहत नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेचा खंड या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सायकलने ओलांडणारी कठीण शर्यत पूर्ण केली, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य प्रौढांना सायकलची गोडी नव्याने लागली. पण याच महाराष्ट्रात २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईत नेरूळजवळ पाम बीच मार्गावर सायकल चालवीत असलेले अवतार सैनी मागून आलेल्या टॅक्सीच्या धडकेने मृत्युमुखी पडले. वय ६८. 'इंटेल' या जगविख्यात कंपनीचे ते भारतातील माजी प्रमुख. संगणकाच्या प्रोसेसरांच्या रचनेत ज्यांचा वाटा होता, असा हा बुद्धिमान, अनुभवी आणि नियमित सायकल चालवणारा माणूस. रुंद, सरळ, शहरी रस्त्यावर ही गत, तर आमच्या घाटवळणांचे काय सांगावे?

अशी वार्ता कानी आली की आपण चटकन म्हणतो, "त्याचे भोग होते." शोकाकुल घराला धीर देण्यापुरते हे शब्द ठीक आहेत. परंतु प्रारब्धाच्या नावावर आपण आपली किती कर्तव्ये ढकलून देतो, याचा विचार पूजेच्या दिवशी तरी व्हावयास हवा. मागच्या चाकावर लाल परावर्तक नव्हता, पुढे दिवा नव्हता, ब्रेकचे रबर झिजले होते, मोटारचालकाला घाई होती. या गोष्टी ललाटी लिहिलेल्या नव्हत्या, त्या आपल्या हातच्या होत्या.

सारथ्याचा धडा

महाभारतातील जयद्रथवधाच्या दिवसाची कथा या संदर्भात आठवते. सूर्य कलत चालला होता, एकेक घटका मोलाची होती आणि तरीही भर रणांगणात श्रीकृष्णाने रथाचे घोडे सोडले. त्यांच्या अंगात रुतलेले बाण काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले आणि मगच ते पुन्हा रथाला जुंपले. साक्षात भगवंताने घाईच्या वेळी वाहनाची सेवा टाळली नाही! खंडेनवमीची पूजा ही त्याच सेवेची आठवण आहे. सायकलला हार घालण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, चाकांतील हवा पाहावी, साखळीला तेल द्यावे, घंटा वाजते की नाही हे पाहावे. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा किंवा परावर्तक आणि अंगावर फिकट रंगाचे कपडे एवढ्यानेच काळोखातला सायकलस्वार दुरून दिसू लागतो. ओल्या चाकावर ब्रेक उशिरा लागतो. म्हणून उतारावर वेग वळणाच्या आधीच आवरावा, ऐन वळणात नव्हे. हेल्मेटचा संकोच नसावा. त्याच्या आतील थर्मोकोलसारखे अस्तर स्वतः चिरडून डोक्याचा आघात झेलते. म्हणूनच एकदा मोठा मार सोसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.

मोटार चालविणाऱ्यांचे उत्तरदायित्व तर याहून मोठे आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा दुप्पट होत नाही, ती चौपट होते. जागतिक आरोग्य संघटना पादचारी व सायकलस्वार जेथे वाहनांत मिसळतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवते, ती याच कारणाने. ओलांडून जाताना निदान एका माणसाच्या उंचीइतके अंतर सोडावे. तेवढी जागा नसेल, तर क्षणभर मागे थांबावे. त्या क्षणभर थांबण्याला दुसऱ्याच्या जिवाची पूजा म्हणण्यास काय हरकत आहे?

पहिला तास

इतके करूनही अपघात घडतोच. अशा वेळी दोडामार्गाच्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते : डोक्याला जबर मार असेल तर बहुधा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. जानेवारी २०१८ मध्ये तेथे गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभे राहिले, ते उगाच नव्हे. बांबोळीपर्यंतची वाट तासाभराची आहे आणि मोटार वाहन कायद्याने दुखापतीनंतरच्या पहिल्या तासालाच 'सुवर्णतास' म्हटले आहे. म्हणजे या तालुक्यातील जखमी माणसाचा सुवर्णतास दवाखान्यात नव्हे, रस्त्यावर सुरू होतो. तो वाचविणारा पहिला माणूस डॉक्टर नसतो, वाटसरू असतो.

त्या वाटसरूने काय करावे? प्रथम वळणाच्या दोन्ही अंगांना माणसे उभी करून किंवा झाडाच्या फांद्या टाकून येणारी वाहने थांबवावीत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ही सेवा दोन्ही राज्यांत आहे, म्हणून सीमेलगत असताना गावाच्या आधी राज्य व तालुका स्पष्ट सांगावा. आग वा वाहनांचा धोका नसेल तर जखमीला हातापायांनी उचलून रिक्षात कोंबू नये. मानेला वा कण्याला इजा असल्यास त्या ओढाताणीने जन्माचे पांगळेपण येऊ शकते. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. आणि आपल्याकडची एक सद्भावनेची चूक टाळावी : बेशुद्ध किंवा गुंगीतल्या माणसाच्या मुखात पाणी वा तीर्थ घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. डोक्याला मार लागलेला माणूस उठून चालू लागला तरी पहिले एक-दोन दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे. वारंवार उलटी, असंबद्ध बोलणे किंवा न आवरणारी झोप दिसली, की तत्काळ रुग्णालय गाठावे.

पुष्कळ माणसे पुढे होत नाहीत, ती दुष्टपणाने नव्हे, तर पोलीस आणि कचेरीच्या भीतीने. ही भीती आता निराधार आहे. २००७ साली शाळेतून घरी निघालेला शिवम नावाचा मुलगा वाहनाच्या धडकेने पडला आणि बघ्यांच्या गर्दीत मदतीवाचून दगावला. त्याचे नात्यातील भाऊ पीयूष तिवारी यांनी तो शोक उराशी धरून बसण्याऐवजी 'सेव्हलाइफ फाउंडेशन' ही संस्था उभारली आणि सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने मदत करणाऱ्यास संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले. २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यास नाव सांगण्याची सक्ती नाही, रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. ५ मे २०२५ पासून अपघातग्रस्तास पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचारांची योजनाही लागू झाली आहे. ज्याच्या वाहनाची धडक बसली, त्या चालकाने पळून न जाता जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, हे कलम १३४ ने त्याचे कर्तव्यच ठरविले आहे.

अंथरुणावरचे दिवस

जीव वाचला म्हणजे संकट सरले, असे मात्र नाही. हाड सांधते, पण रात्री अचानक ब्रेकचा कर्कश आवाज कानी येऊन दचकून जाग येणे, रस्ता पाहून छाती धडधडणे, लहानसहान गोष्टींवरून चिडणे हे पुष्कळ दिवस चालते. घरच्यांना वाटते, देवाने वाचविले तरी हा असा का वागतो? अशा वेळी गीतेच्या पहिल्या अध्यायाकडे पाहावे. अर्जुन रथात गळून बसला, तेव्हा श्रीकृष्णाने आधी त्याचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले. विषादालाही त्या ग्रंथात योगाचे स्थान आहे. जखमी माणसाला उपदेश नंतर, आधी श्रोता हवा. "तूच नीट चालविली नसशील" किंवा "पुन्हा सायकलचे नाव काढू नकोस" हे दोन्ही उद्गार त्याच्या जखमेवर मीठ ठरतात. महिना उलटूनही भय व निद्रानाश ओसरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर शासनातर्फे दूरध्वनीवरूनही साहाय्य मिळते.

नवस अवश्य बोलावा. मात्र ग्रामदेवतेला नारळ ठेवला म्हणून व्यायामोपचार चुकवू नये. देवाने बळ दिले तरी गुडघा रोज आपल्यालाच वाकवावा लागतो. घरातील कोणी तरी एकाने औषधांची बिले, रुग्णालयाचे कागद आणि पोलीस पंचनाम्याची प्रत एका पिशवीत जपून ठेवावी. वाहनाच्या विम्यातून भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूस दोन लाख व गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपयांची तरतूद आहे.

आणि ज्या घरचे माणूस परतलेच नाही, त्यांनी काय करावे? त्या दुःखाला उतारा नाही. पण काही माणसांनी त्यातूनही वाट काढली आहे. मुंबईत मरोळला भाजीविक्री करणारे दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश २८ जुलै २०१५ रोजी पावसाच्या पाण्याने झाकलेल्या खड्ड्यात दुचाकी आदळून गेला. त्यानंतर हा पिता स्वतः खडी-माती घेऊन रस्त्यांवरचे खड्डे बुजवीत फिरू लागला. सातासमुद्रापलीकडे नेदरलँड्समध्ये १९७१ साली वाहनांखाली तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. त्याच वर्षी पत्रकार विक लांगेनहॉफ यांची चिमुकली मुलगी सायकलने शाळेला जाताना गेली. त्यांनी लेखणी उचलली, आईबाप रस्त्यावर उतरले आणि 'बालहत्या थांबवा' ही चळवळ उभी राहिली. आज त्या देशातील सायकलींचे स्वतंत्र मार्ग जगाला आदर्शवत वाटतात, त्यांच्या पायाशी अशा आईबापांचे अश्रू आहेत. श्राद्ध म्हणजे श्रद्धेने केलेले कर्म, हे आपलेच वचन नव्हे काय?

दसऱ्याच्या सायंकाळी आपण गावाची वेस ओलांडतो, आपट्याची पाने लुटतो आणि 'सोने' म्हणून एकमेकांच्या हाती देतो. सीमेवर राहणाऱ्या दोडामार्गकरांना सीमा ओलांडणे नवे नाही, ती ते रोजच ओलांडतात. परंतु बघ्या आणि मदत करणारा यांच्यामध्ये जी अदृश्य वेस असते, ती ओलांडणे हे खरे सीमोल्लंघन. महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाने काठीच्या आधाराने अंगणात टाकलेले पहिले पाऊल हेही सीमोल्लंघनच. यंदा सायकलला हार घालताना मागचा लाल दिवा लागतो की नाही, एवढे अवश्य पाहावे. आणि वाटेत कोणी पडलेला दिसला, तर गाडी थांबवून खाली उतरावे. सुवर्णतासातील एकेक क्षण हेच त्या दिवशी आपण लुटावयाचे सोने असेल.