पाण्याच्या दाबाने खडक फुटतो, पण कोरड्या बोअरला पाणी येते का?



उन्हाळ्यात खोडव्याला पाणी पुरेनासे झाले की जुना बोअर सोडून नवा मारण्याची घाई होते. तोही कोरडा गेला तर कर्ज तेवढे अंगावर राहते. म्हणून नवा बोअर मारण्याआधी जुन्याचे ‘जलभंजन’ करता येते का, हे पाहावे, असे आम्हांस वाटते. यालाच हायड्रोफ्रॅक्चरिंग म्हणतात.

पाणी दगड कापू शकते, हे खरे आहे. बारीक छिद्रातून प्रचंड दाबाने सोडलेल्या पाण्यात कठीण वाळू मिसळून फरशा कापतात. तेथे धारेचा वेग काम करतो. बोअरमध्ये मात्र कोंडलेल्या पाण्याचा दाब काम करतो.

आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. वणी, मारेगाव, झरीकडे चुनखडी, वालुकाश्म व कोळशाचे थर आहेत. काळ्या पाषाणाच्या अंगात पाणी राहत नाही. ते राहते भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. या भेगा माती-गाळाने बुजल्या, किंवा बोअरपासून हातभर लांब राहिल्या, की बोअर कोरडा!

जलभंजनात केसिंगच्या खाली, पक्क्या खडकात, रबरी पॅकर उतरवून फुगवतात. बाटलीला बूच बसावे तसा तो बसतो. मग त्याखाली पंपाने पाणी दाबतात. ६० मीटर खोलीवर एक चौरस सेंटिमीटर जागेवर वरच्या खडकाचा भार सुमारे १७ किलो असतो; पंपाचा दाब शंभर किलोच्याही वर नेता येतो. दगड चेंगरायला कठीण, पण ताणाला कच्चा असतो. पाथरवट पाचर ठोकून शिळा उकलतो, तेच काम येथे पाणी करते. दाबाचा काटा चढत जातो आणि एकदम खाली येतो, की भेग उघडली असे समजावे. नंतर कॉम्प्रेसरने गाळ काढून पाणी मोजतात.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम मुख्यतः गावच्या पिण्याच्या बोअरवर करीत आली आहे.

सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

१) पूर्वी चांगला चालून मंदावलेला, किंवा शेजारी पाणी असूनही कमी लागलेला बोअर यास योग्य. आसपासची पातळीच खोल गेली असेल, तर पैसा वाया जाईल.

२) केसिंग ढिले असेल किंवा बोअर ढासळत असेल, तर हे काम करू नये.

३) शेजारी विहीर, बोअर वा घर असल्यास आधी सांगावे, दाब भेगेतून तिकडे निघू शकतो.

४) आधी भूवैज्ञानिकाचा सल्ला घ्यावा. कामापूर्वीचे व नंतरचे पाणी मोजून लिहून घ्यावे. ‘पाणी वाढले’ या तोंडी शब्दावर बिल देऊ नये.

शेवटी एवढेच, की जलभंजनाने वाट मोकळी होते, नवे पाणी तयार होत नाही. जमिनीत मुरले असेल तेवढेच वर येणार. तेव्हा बोअरशेजारी पुनर्भरणाचा खड्डा आणि उसाला ठिबक, ही दोन कामे सोबतच हाती घ्यावीत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.