नालासोपाऱ्याच्या स्तूपात सापडलेलं भिक्षापात्र बुद्धांचंच होतं का? अभ्यासक काय सांगतात?

नालासोपारा म्हटलं की खच्चून भरलेली लोकल आणि दाटीवाटीच्या इमारती आठवतात. पण याच शहराच्या पश्चिमेला, सोपारा गावात 'बुरूड राजाचा कोट' नावाची जागा आहे आणि तिथे एक प्राचीन बौद्ध स्तूप आहे. 'इथे स्वतः गौतम बुद्ध आले होते', 'त्यांचं भिक्षापात्र इथेच सापडलं' असं अनेकदा सांगितलं जातं. यातलं पुराव्यानं काय सिद्ध होतं?

१८८२ मध्ये काय सापडलं?

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप खणला. आत एक मोठी दगडी पेटी होती. त्या पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ धातूमूर्ती होत्या. तांब्याच्या करंडकात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा करंडक. त्या सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे. सोबत सोन्याची फुलं आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचं चांदीचं नाणं.

सोन्यात जपून ठेवलेलं साधं खापर! ते बुद्धांच्या भिक्षापात्राचं असावं, असं मत भगवानलाल यांनी मांडलं.

हे मत कशावरून?

'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथात सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. तो भिक्षू झाला, सोपाऱ्यात चंदनाचा विहार उभा राहिला आणि बुद्ध स्वतः तिथे आले, असं ही कथा सांगते. पण हा ग्रंथ बुद्धांनंतर काही शतकांनी रचला गेला. त्यामुळे बुद्ध इथे आल्याचा पुरावा म्हणून तो पुरेसा नाही. ते पात्र बुद्धांचं होतं की नव्हतं, हे नुसत्या तुकड्यांवरूनही ठरत नाही.

मग हाती काय लागतं? बरंच काही. यज्ञ सातकर्णी दुसऱ्या शतकातला राजा. त्याचं नाणं आत आहे, म्हणजे करंडक त्याच्या काळात किंवा त्यानंतर बंद झाला. पण मूर्ती मात्र साधारण आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. याचा अर्थ, काही शतकांनी कुणीतरी ही जागा पुन्हा उघडली आणि मूर्ती ठेवून पुन्हा बंद केली, असं दिसतं. इतक्या काळानंतरही लोक या तुकड्यांना पवित्र मानत होते.

विद्यापीठांत होणाऱ्या धर्माच्या अभ्यासाची पद्धत अशीच असते. एखादी श्रद्धा खरी की खोटी, याचा निकाल देणं हे त्याचं काम नाही. कोणी, कधी, काय मानलं आणि त्यासाठी काय केलं, हे ग्रंथ, नाणी, मूर्ती आणि शिलालेख एकमेकांशी ताडून शोधलं जातं.

अशोकाचा यात काय संबंध?

त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तोही भगवानलाल यांनीच ओळखला. ते मूळचे जुनागढचे. तिथल्या गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे १४ लेख एकाच खडकावर कोरलेले आहेत. तेच लेख त्यानं साम्राज्यात इतर ठिकाणीही कोरवले होते. त्यामुळे सोपाऱ्यातल्या मोजक्या शब्दांवरूनही मूळ मजकूर ओळखता आला. शिकारीच्या सहली सोडून आपण धर्मयात्रा सुरू केल्या, असं अशोक या लेखात सांगतो.

नववा लेख मिळायला १९५६ साल उजाडलं. तो वसईजवळच्या भुईगावात सापडला. आजारपण, लग्न, मूल जन्माला येणं, प्रवास अशा वेळी लोक नाना विधी करतात, पण त्यांचं फळ थोडं. नोकर-दासांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राणिमात्रांबाबत संयम आणि ब्राह्मण-श्रमणांना दान, हा खरा मंगलविधी, असा त्याचा आशय आहे. हे दोन्ही तुकडे आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

बाकीचे लेख कुठे आहेत?

गिरनारप्रमाणे सोपाऱ्यातही सर्व १४ लेख असावेत, असा अंदाज आहे. त्यातले दोनच हाती आले, तेही तुकड्यांत. उरलेले फुटून गेले असतील किंवा अजून जमिनीत असतील. आणि याच जमिनीत आज इमारतींचे पाये खोदले जात आहेत.

खोदकामात अक्षरं कोरलेला दगड, मूर्ती किंवा जुनी नाणी दिसली, तर ती हलवू नका, घासून स्वच्छ करू नका. आहे त्या जागीच फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. जमिनीत सापडलेला मौल्यवान ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार बंधनकारकही आहे.

वस्तू कुठे, किती खोलवर आणि कशाच्या शेजारी होती, ही माहिती वस्तूइतकीच मोलाची असते. सोपाऱ्याचं ते नाणं बाजारात सुटं मिळालं असतं, तर यज्ञ सातकर्णीचं एक नाणं एवढीच त्याची ओळख उरली असती. करंडकात सापडलं, म्हणून त्यानं स्तूपाच्या काळाचा पत्ता दिला.