किटलीतून येणारी खुशाली

काचेच्या थर्मासपासून धंद्याची सुरुवात करणाऱ्या ओसाका येथील झोजिरुशी या कंपनीने २००१ साली जपानमध्ये विजेची एक किटली बाजारात आणली. पाणी उकळून ते दिवसभर गरम ठेवणाऱ्या इतर किटल्यांहून ती दिसायला फारशी निराळी नव्हती. मात्र तिच्यात बिनतारी संदेश पाठवणारा एक लहान भाग बसवलेला होता, आणि घरातील वृद्ध व्यक्तीने चहासाठी पाणी ओतले की त्याची नोंद भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून कंपनीच्या संगणकाकडे जाऊन तेथून दूर राहणाऱ्या मुलामुलींना दिवसातून दोनदा ईमेलने कळवली जाई. वृद्धांच्या स्वतंत्र राहणीसाठी पुढे जी असंख्य उपकरणे निघाली, त्यांतील बहुतेकांपेक्षा या साध्या कल्पनेत माणसाच्या स्वभावाची जाण अधिक आहे.

या कल्पनेला एका दुःखद घटनेची पार्श्वभूमी होती. १९९६ मध्ये तोक्योच्या इकेबुकुरो भागात एक वृद्ध आई आणि तिचा आजारी मुलगा यांचा उपासमारीने मृत्यू झाला आणि शेजारपाजाऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. त्याच्या आदल्या वर्षी कोबे परिसरात झालेल्या भूकंपानंतर तात्पुरत्या निवाऱ्यांतील एकाकी वृद्धांचे मृत्यू गाजले होते, आणि कोणाच्याही नकळत एकट्याने मरणे या अर्थाचा 'कोदोकुशी' हा शब्द वर्तमानपत्रांतून रूढ झाला होता. किटलीसारख्या साधनाने दुरून लक्ष ठेवण्याच्या पद्धतीला जपानीत 'मिमामोरी' म्हणतात. या शब्दात पाहणे आणि राखणे हे दोन्ही अर्थ असले, तरी पाळत ठेवण्याचा भाव नाही; अंगणात खेळणाऱ्या मुलाकडे ओसरीवरच्या माणसाचे जसे लक्ष असते, तसा तो भाव आहे.

वृद्धांना मदत मागता यावी यासाठी याआधीही साधने होती. अमेरिकेत अँड्र्यू डिबनर या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात संकटकाळी दाबायच्या बटणाची सेवा सुरू केली, आणि गळ्यात घालायचे असे बटण पुढे अनेक देशांत पसरले. परंतु नव्वदीपुढच्या लोकांविषयी केंब्रिज येथे झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, पडल्यानंतर बराच वेळ जमिनीवर खिळून राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी उपलब्ध असलेले बटण वापरलेच नव्हते. बटण घरात दुसरीकडेच राहणे, ते दाबायचे न सुचणे, दुसऱ्याला त्रास देण्याचा संकोच, आणि गळ्यात लटकणारी वस्तू म्हणजे आपल्या म्हातारपणाची जाहीर पाटी अशी भावना, यांतले काहीही त्यामागे असू शकते. किटलीला हा अडथळा नाही, कारण तिच्यासाठी काही निराळे करावे लागत नाही. चहा प्यायचाच असतो. (पुण्यातील आईवडिलांकडून परदेशातील मुलांना रोज सकाळी येणारा फुलांच्या चित्राचा व्हॉट्सॲप संदेश नकळत हेच काम करतो, आणि तो एके दिवशी आला नाही की फोन वाजतो.)

किटलीची मर्यादाही तितकीच उघड आहे. न्हाणीघरात पाय घसरला तर तिला ते कळत नाही, आणि दोन ईमेलांच्या मध्ये कित्येक तास निघून जातात. पडणे ओळखणारी मनगटी घड्याळे या बाबतीत पुढे आहेत: हालचालीच्या वेगातील आकस्मिक बदल मोजणारा संवेदक धक्का टिपतो आणि त्यानंतर माणूस निश्चल राहिला तर घड्याळ स्वतःच मदतीचा फोन लावते, अर्थात ते मनगटावर असेल आणि चार्ज केलेले असेल तरच.

शिवाय किटली वापरली गेली नाही एवढेच यंत्र सांगते. दार ठोठावायला कोणालातरी जावे लागते. जपानच्या टपाल खात्याचा वारसा चालवणाऱ्या कंपनीने २०१७ पासून देशभर अशी सशुल्क सेवा सुरू केली की, टपाल कर्मचारी महिन्यातून एकदा वृद्धाच्या घरी जाऊन सुमारे अर्धा तास गप्पा मारतो आणि प्रकृती, जेवण, झोप यांची हकिगत त्याच्या कुटुंबाला कळवतो.