खणखणीत आणि बद्द

प्राथमिक शाळेत विज्ञानाला संगीताची जोड द्यावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत गाणे आणि परिसरातील दगडगोटे, बिया, पाने यांनाच शिक्षणाचे साधन मानले, त्याला पाऊणशे वर्षे होत आली. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कलेच्या द्वारे अन्य विषय शिकविण्याचा पुरस्कार केला आहे. वाद आहे तो ‘जोड’ या शब्दाच्या अर्थाविषयी.

प्रचलित अर्थ सोपा आहे. खडकांचे तीन प्रकार चालीवर बसवावयाचे आणि मुलांकडून टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणवून घ्यावयाचे. चालीमुळे नावे पाठ होतात, हे खरे. आपले पाढे असेच पाठ झाले. परंतु अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित असे सुरात म्हणणाऱ्या शेंद्र्याच्या मुलाला आपल्या पायाखाली यांतला कोणता खडक आहे, हे ठाऊक असतेच असे नाही.

तो अग्निजन्य आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरत गेले, त्यांतून दख्खनचे पठार घडले. वेरूळचे कैलास लेणे याच काळ्या पाषाणात कोरलेले आहे. विहीर खोदणाऱ्यांची भाषा येथे पाठ्यपुस्तकाहून नेमकी आहे: वर काळी, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, आणि त्याखाली काळा फत्तर. ही नावे हाताने आणि कानाने ठरलेली आहेत. अखंड फत्तरावर हातोडी पडली की खणखणीत नाद निघतो; झिजलेला, भेगाळलेला दगड बद्द बोलतो. बाजारात मडके वाजवून घेणाऱ्या बाईला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही.

मौज अशी की, गवयाच्या कानाला जो दगड नापसंत, तोच बहुधा शेतकऱ्याच्या कामाचा. खणखणीत फत्तरात पाणी शिरावयास जागाच नसते. ते मुरते आणि साठते ते झिजलेल्या थरांत व भेगांत. हे ज्याला चौथीत कळले, तो पुढे शेकडो फूट खोल बोअर घेण्यापूर्वी निदान एक प्रश्न तरी विचारील. अर्थशास्त्राच्या शिक्षकाने या विषयात पडण्याचे कारण हेच. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी लागोपाठ तीन बोअर घेतल्या. तिन्ही कोरड्या गेल्या आणि कर्ज तेवढे उरले. अर्थात दगड वाजवून पाणी सापडत नाही, आणि तसा समज मुलांच्या मनात रुजू देणे घातक ठरेल. मात्र पाणी कशात राहते, याची जाण त्यातून येते.

दगड आणि गाणे यांचे नाते मराठी घरात जात्यापाशी जुळलेले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. त्या ओव्यांचा ठेका काळ्या दगडाच्या दोन तळ्यांनी धरलेला होता. माझ्या आजीचे जाते गुळगुळीत झाले की टाकी लावून घ्यावे लागे. त्यानंतरचे पहिले पीठ कचकचे, म्हणून आधी कोंडा दळून टाकीत. दगड झिजतो आणि त्याची कच पिठात उतरते, हा झिजेचा धडा आम्ही दातांनी शिकलो.

शाळेत काय करता येईल? बुडाला भोके पाडलेल्या दोन डब्यांत काळी माती आणि मुरूम भरावा, प्रत्येकात तांब्याभर पाणी ओतावे, आणि मुलांनी टाळांवर तीनताल धरावा. मुरमातून पाणी निथळेपर्यंत सोळा मात्रांची किती आवर्तने झाली? काळीतून किती? लय ढळली तर मोजमाप चुकते, म्हणून ती सांभाळणे भाग पडते. येथे संगीत विज्ञानाची चाकरी करीत नाही, त्याचे माप बनते. दोन्ही डब्यांतली आवर्तने फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली म्हणजे झाले.

शेंद्र्यात याची निकड अधिक. औद्योगिक वसाहत आणि नंतर ऑरिकचे रस्ते आले, तशी पुष्कळ शेतजमीन कारखान्यांखाली गेली. ज्या मुलांचे आईबाप आज पाळीत काम करतात, त्यांना विहिरीचे थर उघडे पाहण्याची संधी घरी मिळेलच असे नाही. मात्र ते थर ओळखणारे वडार कारागीर आणि मृदंग वाजविणारे वारकरी आजूबाजूच्या गावांत आहेत. महिन्यातून एक दिवस दोघांना शाळेत बोलवावे, आणि मानधन द्यावे. ‘सेवाभाव’ म्हणून फुकट राबवू नये. खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला पडलेलेच आहेत. त्यांतले चार दगड वर्गात आणण्यास परिपत्रकाची वाट पाहावी लागू नये.